बॉल बॅडमिंटनचा सीमाप्रश्न

मराठी माणसाने कर्नाटकात राहून सीमेविषयी तोंड उघडू नये, यावर माझी पूर्ण श्रद्धा आहे. बेंगळुरात आल्यापासून हे व्रत मी सोमवारच्या उपासापेक्षा कडक पाळलं. पुण्याहून आलेला पाहुणा इडली खाता खाता बेळगावकडे वळू लागला, की मी त्याच्या पानात आणखी एक इडली वाढतो. तोंड भरलेलं असलं की माणूस इतिहासात फार खोल जात नाही. अशा या माणसाने एका सकाळी काखेत नकाशाची गुंडाळी घेऊन कचेरीत जावं आणि "आम्हाला या हद्दीतून काढा आणि त्या हद्दीत घाला" अशी मागणी करावी, हे माझं मलाच खरं वाटत नाही. पण प्रश्न बॉल बॅडमिंटनचा होता.

के. आर. पुरमच्या पुढे, शहर जिथे दमून बसतं तिथल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मी उष्मागतिकी शिकवतो. आमचे क्रीडाशिक्षक दुबईला व्यायामशाळा काढायला निघून गेले, तेव्हा प्राचार्यांनी मला बोलावून घेतलं.

"तुम्ही महाराष्ट्राचे," ते म्हणाले.

मी व्रतानुसार गप्प बसलो.

"महाराष्ट्र म्हणजे खो-खो, कबड्डी. खेळ तुमच्या रक्तातच आहे."

माझ्या रक्तात त्या महिन्यात साखर तेवढी जास्त सापडली होती. पण प्राचार्यांसमोर रक्ताचा तपशील काढणं प्रशस्त दिसत नाही. मी क्रीडाप्रमुख झालो. त्याबद्दल मला एक शिट्टी आणि एका खोलीची किल्ली मिळाली. त्या खोलीत मागच्या स्नेहसंमेलनाचं सिंहासन ठेवलं होतं, आणि त्याच्यामागे रॅकेटी.

बॉल बॅडमिंटन म्हणजे काय, हे आपल्याकडच्या माणसाला सांगणं कठीण. आहे बॅडमिंटनच, पण फुलाऐवजी लोकरीचा पिवळा चेंडू, जोडीऐवजी पाच-पाच जण आणि छपराऐवजी ऊन. माझ्या बायकोने, नीलाने, तो चेंडू पहिल्यांदा पाहिला तेव्हा "हा कुणाच्या टोपीचा गोंडा?" असं विचारलं होतं. इथे मात्र हा खेळ मनापासून खेळला जातो, आणि आमच्या मुलींचा संघ मनापासून हरायचा.

हरण्याचं कारण भौगोलिक होतं. आमचं विद्यापीठ राज्यभर पसरलेलं, म्हणून त्याने महाविद्यालयांचे विभाग पाडलेत. आपला विभाग जिंकलात तर राज्यफेरी, नाहीतर परतीची बस. आम्ही शहराच्या पूर्व विभागात होतो, आणि त्याच विभागात पद्मावती मॅडमचं महाविद्यालय होतं. मॅडम स्वतः एकेकाळी राज्याकडून खेळलेल्या. त्यांच्या मुली सामन्याला उतरतानाही आपसात वेण्या आणि मेसच्या सांबाराविषयी बोलत असायच्या. समोरचा संघ आपल्याला घाबरत नाही, हे एक वेळ चालतं. त्याला आपली आठवणही राहू नये, हे फार लागतं.

आमच्या संघात एकच खरी खेळाडू होती. मैत्रेयी. शेवटच्या वर्षाला होती, डावरी होती, आणि आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या हयवदनरावांची मुलगी होती. त्यामुळे ती मला मैदानावर 'सर' आणि जिन्यात 'काका' म्हणायची. हयवदनरावांचं घराणं शहाजीराजांच्या काळात इकडे आलेलं. त्यांची मराठीही तेव्हाच निघाली आणि वाटेत लागेल ते कन्नड घेत घेत आली.

एका रविवारी हयवदनराव खाली आले.

"श्रीकांत अण्णा, स्वल्प बोलायचं होतं की."

स्वल्प म्हणजे थोडंसं. हयवदनरावांच्या स्वल्पाला दोन वेळा कॉफी लागते.

"पोरीचं शेवटचं वर्ष, बघा. पहिल्या वर्षापासून पद्मावती मॅडमकडे मार खाऊन येते. मुकाट्यानं येते, जेवते, झोपते. विद्यापीठाच्या टीममध्ये गेलं की तो मरून रंगाचा कोट देतात ना, तेवढा एक कोट हवाय तिला. पुढे नोकरी लागेल, लग्न होईल, मग कुठलं बॉल बॅडमिंटन? पण स्टेटला खेळल्याशिवाय तिला कोण बघणार? आणि ह्या झोनमधून स्टेटला जाणार कशी?"

"अहो, मग त्या मुलींना हरवायचं," नीला कॉफी ठेवता ठेवता म्हणाली.

आम्ही दोघांनी तिच्याकडे पाहिलं. खेळाशी संबंध नसलेली माणसं असं काहीही बोलून जातात.

"तसं नव्हे, अक्का," हयवदनराव समजुतीच्या सुरात म्हणाले. "हरवणं फार लांबचं काम. झोनच बदलून घ्यायचा. माझ्या मेहुण्यानं मुलाच्या शाळेसाठी घर बदललं की नाही? तसं."

"मेहुण्याने घर बदललं. हे काय, कॉलेज उचलून नेणार?"

नीलाच्या बोलण्यात उपहास होता. दुर्दैवाने मला त्यात कल्पना दिसली.

आमच्या महाविद्यालयाची मागची भिंत ग्रामीण तालुक्यात पडते. मला हे ठाऊक होतं, कारण त्या भिंतीपाशी साचणारा कचरा कुणी उचलायचा यावर महापालिका आणि ग्रामपंचायत यांच्यात जुना वाद आहे, आणि त्या वादात कचरा तटस्थ राहिलेला आहे. त्या भिंतीत एक फाटकही होतं. मेसची भाजी त्यातून आत यायची आणि उशिरा येणारी मुलंही. ग्रामीण पूर्व विभागात बॉल बॅडमिंटन खेळणारी महाविद्यालयं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती, आणि त्यांतलं एकही पद्मावती मॅडमचं नव्हतं.

विद्यापीठाच्या क्रीडाविभागात एक साहेब होते. त्यांनी नियम सांगितला. ज्या तालुक्यात मुख्य फाटक, त्या तालुक्याचा विभाग. मी म्हटलं, मग आम्ही फाटक बदलतो, तुम्ही विभाग बदला. साहेबांनी अर्जावरच्या माझ्या आडनावाकडे पाहिलं.

"तुम्ही महाराष्ट्राचे?"

"हो."

"आणि हद्द बदला म्हणता."

खोलीतल्या सगळ्या टेबलांवरची कामं थांबली. बरीचशी आधीच थांबलेली होती, पण आता ती मुद्दाम थांबली. पंख्याखालचे एक वयस्कर गृहस्थ खुर्ची वळवून बसले.

"नाही, नाही," मी घाईघाईने म्हणालो. "हद्द आहे तिथेच राहू दे. उत्तम हद्द आहे. आम्ही फक्त फाटक नेतो."

"कुठल्या दिशेला?"

"पूर्वेला."

साहेबांनी मान वर करून क्षणभर दिशांचा विचार केला. पूर्व ही महाराष्ट्राच्या उलट बाजूला येते अशी खात्री पटल्यावर त्यांनी मला बसायला सांगितलं. खुर्ची वळवलेल्या गृहस्थांची थोडी निराशा झाली असावी.

प्राचार्य ही कल्पना हसून उडवून लावतील, अशी माझी मनोमन आशा होती. माझ्यासारख्या माणसाला योजना आखायला आवडते, ती मंजूर होणं हा निराळा त्रास आहे. प्राचार्यांनी विषय संस्थेच्या अध्यक्षांकडे नेला. अध्यक्षांना एका वास्तुतज्ज्ञाने कधीचं सांगून ठेवलं होतं की पश्चिमेच्या फाटकामुळे प्रवेश कमी होतात. ते म्हणाले, इतकी वर्षं हे कुणाच्याच कसं लक्षात आलं नाही? म्हणाले, खेळाच्या माणसाला दृष्टी असते. आणि फाटकाची सगळी जबाबदारी त्यांनी माझ्यावर टाकली. उष्मागतिकीचा माणूस मी. ऊर्जा नष्ट होत नाही, ती फक्त निरुपयोगी होते, हे वर्गात शिकवत होतो. आता ते अंगावर घेतलं.

मागचं फाटक मुख्य करायचं तर गावाची संमती हवी. ग्रामपंचायतीचे अध्यक्ष योगीराज हे शांत, जाड मिशांचे गृहस्थ. माझं कन्नड भाजीबाजारापुरतं, म्हणून दुभाषी म्हणून हयवदनरावांना नेलं. ही या प्रकरणातली माझी पहिली मोठी चूक नव्हे, पण ठसठशीत होती. मी एक वाक्य बोलायचो. हयवदनराव त्याचं कन्नड करायला लागले की योगीराज हसायचे, मग गावातली माणसं हसायची, मग कुणीतरी टाळी द्यायचं.

"मी काय म्हणालो?" मी हळूच विचारलं.

"तुम्ही म्हणालात, गावच्या जत्रेत आमच्या पोरी येऊन सामना खेळून दाखवतील."

"मी कधी म्हणालो?"

"आत्ताच की. छान बोललात."

थोड्या वेळाने मी असंही म्हणालो होतो, की फाटकावरच्या पाटीवर गावाचं नाव महाविद्यालयापेक्षा मोठं असेल, देवीची पालखी आवारातून जाईल आणि फाटकासमोर दिवे लागतील. त्या बैठकीत मी इतका उदार होतो की शेवटी गावाने माझा सत्कार केला. शाल, हार, डोक्यावर म्हैसुरी पेटा, म्हणजे इकडचा फेटा. योगीराजांनी फक्त एकच गोष्ट स्वतःहून सांगितली. सुगीत फाटकासमोरच्या रस्त्यावर नाचणीची कणसं पसरतात, गाड्या त्यांवरून गेल्या की मळणी होते. त्याला कुणी हरकत घ्यायची नाही.

"सरी," मी म्हणालो. म्हणजे ठीक आहे. त्या दिवसात मी स्वतः बोललेला तो एकमेव शब्द.

पेटा घालून घरी आलो. नीलाने दार उघडलं, वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "लग्न कुठे आहे?"

उद्घाटनाचा मुहूर्त नेमका सुगीत आला. संस्थेच्या अध्यक्षांची मोटार नव्या फाटकाकडे वळली, तर समोर सगळा रस्ता नाचणीने भरलेला. योगीराजांनी हात जोडून मोटार पुढे घ्यायला सांगितलं. मोटार कणसांवरून करकरत गेली. फाटकाशी पोचल्यावर गावातल्या दोन बायका ड्रायव्हरच्या खिडकीपाशी आल्या. एवढं केलंच आहेस तर बाबा, आणखी दोन फेऱ्या मार, डावीकडचं तसंच राहिलंय. ड्रायव्हर स्वतः कोलारकडचा, शेतकऱ्याच्या घरातला. त्याने विचार न करता मोटार मागे घेतली. नारळ हातात धरून प्राचार्य फाटकात उभे, आणि गळ्यात हार घालून मागच्या सीटवर बसलेले अध्यक्ष आमच्यासमोरून इकडून तिकडे आणि तिकडून इकडे जात होते. तिसऱ्या फेरीला त्यांनी काच खाली करून माझ्याकडे पाहिलं. मी नमस्कार केला.

त्यानंतर जे सुरू झालं ते अजून पूर्ण थांबलेलं नाही.

शहरबस जुन्या फाटकासमोर थांबते. नव्यालाच मुख्य म्हणता यावं म्हणून जुनं फाटक कुलूपबंद. म्हणजे विद्यार्थी बसमधून उतरून आवाराला वळसा घालून, नाचणी तुडवत नव्या फाटकाने आत येणार, आणि माझ्या तासाला उशीर होण्याचं कारण मीच असणार. रिक्षावाले नव्या पत्त्याचं नाव ऐकून शहराबाहेरचं भाडं मागायचे. पहारेकरी नव्या फाटकावर नेमला होता, पण सवयीने जुन्या फाटकाच्या आत खुर्ची टाकून बसायचा आणि बंद फाटकाची राखण करायचा. प्रयोगशाळांची तपासणी करायला आलेली समिती त्याच बंद फाटकासमोर ताटकळली. पहारेकऱ्याने त्यांना गजांमधून पाणी दिलं म्हणे.

मग लेखाविभागातल्या कुणाच्या तरी लक्षात आलं की महाविद्यालयाचा पत्ता ग्रामीण झाला, तर प्राध्यापकांना शहरभत्ता का द्यायचा? हा प्रश्न नुसता विचारला गेला होता. उत्तर अजून आलेलं नव्हतं. पण त्या दिवसापासून मी स्टाफरूममध्ये शिरलो की संभाषण हवामानावर यायचं. स्थापत्यचे एक सहकारी, ज्यांच्याशी मी वर्षानुवर्षं डबा वाटून खाल्ला, त्यांनी आपला डबा उचलून खिडकीपाशी नेला. जाताना एवढंच म्हणाले, "खेळाच्या माणसाला दृष्टी असते."

पुण्याला माझ्या बहिणीपर्यंत बातमी वेगळ्याच रूपात पोचली. तिने फोन करून विचारलं, "तुझी गावात बदली केली? काही चुकलं का रे तुझं?"

या सगळ्यात मैत्रेयी रोज मैदानावर यायची. इतर मुली फाटकाचे किस्से सांगून हसायच्या, ती भिंतीवर चेंडू मारत राहायची. एकदा मी तिला म्हटलं, "या वर्षी तुझं काम होणार बघ." ती म्हणाली, "हो सर. पण नेट तेवढं बांधून द्याल? मधे लोंबतंय." मी म्हटलं, नेटचं नंतर बघू, आधी विभाग. तिने आपल्या ओढणीने नेट वर ओढून बांधलं आणि पुन्हा खेळायला लागली.

विभाग बदलला. साहेबांनी स्वतः फोन करून सांगितलं. हयवदनरावांनी सगळ्या बिल्डिंगला म्हैसूरपाक वाटला. नीलाने एक तुकडा उचलला आणि विचारलं, "आता खेळायचं कुणाशी?"

नवल असं, की हा प्रश्न आमच्यापैकी कुणालाच पडला नव्हता. ग्रामीण पूर्व विभागात त्या वर्षी मुलींच्या बॉल बॅडमिंटनला दोनच संघ आले. एक आम्ही. दुसऱ्या महाविद्यालयाने परीक्षा जवळ आल्याचं सांगून नाव मागे घेतलं. मला वाटलं, न खेळता जिंकलो. हयवदनरावांनी उरलेला म्हैसूरपाक बाहेर काढला. दुसऱ्या दिवशी साहेबांचा पुन्हा फोन आला. एकाच संघाचा विभाग होत नाही. अशा वेळी तो संघ शेजारच्या विभागात खेळवायचा असा नियम आहे.

"शेजारचा विभाग कुठला?" मी विचारलं. उत्तर मला माहीत होतं. काही प्रश्न माणूस केवळ शिष्टाचार म्हणून विचारतो.

सामना पद्मावती मॅडमच्या मैदानावर झाला. पहिल्याच फेरीत. त्यांच्या मुली सांबाराविषयी बोलत उतरल्या. हयवदनराव आणि मी एका सिमेंटच्या पायरीवर बसलो होतो. ऊन होतं. मी शिट्टी गळ्यात घातली होती, पण ती वाजवण्याचा मला अधिकार नव्हता.

आम्ही हरलो. वेगळं काही होण्याचं कारण नव्हतं. पण पहिल्या डावाच्या मध्यावर पलीकडच्या गप्पा बंद झाल्या, एवढं मी पाहिलं. मैत्रेयी मागच्या कोपऱ्यातून डाव्या हाताने चेंडू असा खाली मारत होती की तो जमिनीजवळून सरपटत जायचा, आणि समोरच्या दोघी एकमेकींकडे बघायच्या. चौघींची जागा ती एकटी भरत होती. पाचवीची भरता आली नाही. सामना संपल्यावर ती नळाशी गेली, तोंड धुतलं आणि ओल्या चेहऱ्याने तिथेच कठड्याला टेकून उभी राहिली. रडली नाही. रडली असती तर मला काहीतरी बोलता आलं असतं.

"झालं की, अण्णा," हयवदनराव खाली बघत म्हणाले. "शेवटचं वर्ष होतं."

इतक्यात पद्मावती मॅडम आमच्याकडे आल्या. माझं कन्नड त्यांना ठाऊक असावं, कारण त्या लहान मुलाशी बोलावं तसं सावकाश, सुटंसुटं बोलल्या. दुभाष्याची गरज पडली नाही.

"सर, ही तुमची डावरी मुलगी. हिला तुम्ही निवड चाचणीला का पाठवत नाही?"

"मॅडम, राज्यफेरीला पोचल्याशिवाय विद्यापीठाच्या संघात..."

"असं कुणी सांगितलं?"

मी हयवदनरावांकडे पाहिलं. ते मैदानाच्या पलीकडच्या निलगिरीकडे पाहत होते.

"चाचणीला कुणीही येतं," मॅडम म्हणाल्या. "इथेच असते, माझ्याच मैदानावर. मी तीन वर्षं वाट बघते हिची. मला वाटलं, तुमच्याकडे मुलींना बाहेर पाठवत नसतील. सर महाराष्ट्राचे आहेत म्हणे, तिकडे जरा कडक असतील." मग त्यांनी नळाकडे बघून हाक मारली, "ए मुली, गुरुवारी सकाळी ये."

मी त्याच क्षणी काहीतरी ठोस करायला हवं होतं. मी म्हणालो, "मी प्राचार्यांशी बोलतो. संस्थेची गाडी घेऊ. योगीराजांना सांगून रस्त्यावरची नाचणी—"

"काका," मैत्रेयी म्हणाली. मैदानावर ती मला पहिल्यांदाच काका म्हणाली. "मी बसने जाईन. एकटीच. तुम्ही आणि अप्पा दोघंही येऊ नका, प्लीज."

गुरुवारी ती एकटी गेली आणि तिची निवड झाली. मरून कोट खांद्यात जरा सैल आहे, वसुमती अक्का, म्हणजे तिची आई, तो आत घेऊन देणार आहे. आमचं मुख्य फाटक अजून मागेच आहे, कारण ते परत पुढे आणायलाही ग्रामपंचायतीची संमती लागते.

पद्मावती मॅडमच्या मैदानापर्यंत आमच्या जुन्या फाटकासमोरून पहिल्यापासून थेट बस आहे.